सीताफळांचा बाजार

भाद्रपद सरतो आणि आश्विनाचे स्वच्छ ऊन पडू लागते, तेव्हा बालाघाटाच्या डोंगररांगांचे रूप पाहण्यासारखे असते. चार महिने आभाळात ठाण मांडून बसलेले ढग आता विरळ झालेले असतात. ओढ्यांतील गढूळ पाणी निवळून तळाचे गोटे दिसू लागतात. माळावरच्या गवताला सोनेरी झाक येते आणि तरवडाची पिवळी फुले वाटेच्या दोन्ही कडांना फुलून येतात. हा शरद ऋतू होय. पेरणीची धांदल संपली, निंदणी-खुरपणी झाली. आता कष्टाचे फळ पदरात पडावयाचे, असा हा काळ.

बीड जिल्ह्याचे निसर्गतः दोन भाग पडतात. उत्तरेकडे गोदावरीच्या काठचा सखल, काळ्या मातीचा प्रदेश आहे. त्याला गंगथडी असे म्हणतात. दक्षिणेकडे बालाघाटाचे पठार पसरलेले आहे. बीड शहरापासून सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की मांजरसुंब्याचा घाट लागतो. तो चढून आपण पठारावर येतो आणि पुढे त्याच रस्त्यावर चौसाळा हे गाव लागते. हे बीड तालुक्यातील मोठे गाव असून आसपासच्या वाड्या-वस्त्यांचा बाजारहाट येथेच चालतो.

पठारावरची जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी व मुरमाड आहे. पाऊसही बेभरवशाचा. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी ढग सह्याद्री ओलांडताना आपले बरेचसे पाणी घाटमाथ्यावरच रिते करतात. इकडे येतात ते उरलेले. अशा प्रदेशात शरदात जे काही हाती येते, त्याचे मोल फार मोठे. ते मोल ठरते कोठे? आठवडे बाजारात. म्हणून त्या बाजाराची ओळख आपण करून घेऊ.

बाजाराच्या दिवशी गावाला वेगळीच जाग येते. उजाडते न उजाडते तोच वाड्यांवरून माणसे निघतात. कोणी डोक्यावर पाटी घेऊन पायी येतो, कोणी दुचाकीला दोन्ही बाजूंनी गाठोडी बांधून येतो, कोणी टमटममध्ये पोत्यांच्या मधोमध जागा करून बसतो. मैदानात पाले उभी राहतात. ज्यांच्याजवळ पाल नसते, ते गोणपाट अंथरून उघड्यावरच आपला माल मांडतात. नऊच्या सुमारास पाहावे, तर मोकळ्या मैदानाच्या जागी एक छोटे नगरच वसलेले असते. आणि त्या नगरातील गल्ल्याही ठरलेल्या असतात. एकीकडे माळवे, एकीकडे धान्य-कडधान्य, एकीकडे कापड आणि भांडी, तर कडेला शेरडा-मेंढरांचा कलकलाट!

शरदातील माळव्याची गल्ली सर्वांत रंगीत. मेथी, शेपू, चुका ह्यांच्या जुड्या पाणी शिंपडून रचलेल्या असतात. गवार, भेंडी, दोडके, कारली ह्यांचे ढीग असतात. तांबडा भोपळा चिरून त्याची केशरी फोड मुद्दाम पुढे ठेवलेली असते. नवरात्राच्या उपवासांसाठी रताळी येतात. दसऱ्यासाठी झेंडूच्या फुलांच्या राशी येतात. धान्याच्या गल्लीत नवा मूग, नवा उडीद आणि नवी बाजरी येते. नव्या मुगाचा हिरवा रंग आणि जुन्या मुगाचा रंग ह्यांत किती अंतर असते, हे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन राशी पाहिल्यावाचून समजत नाही. भुईमुगाच्या ओल्या शेंगा तर मातीच्या वासासकट येतात. कापूस आणि सोयाबीन मात्र ह्या बाजारात फारसे दिसत नाहीत. तो माल पोत्यांनी आणि गाड्यांनी थेट व्यापाऱ्यांकडे जातो.

बाजारात मोजण्याची रीतही पाहण्याजोगी असते. 1948 सालापर्यंत हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, आणि तेव्हा येथे हाली रुपया चाले. धान्य मापाने मोजत. चिपटे, मापटे, शेर आणि चार शेरांची एक पायली, अशी ती मापे होती. पुढे 1956 साली भारताच्या संसदेने वजनमापांचा कायदा केला आणि 1958 सालापासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने देशभर आला. आता तागडीच्या जागी पुष्कळ ठिकाणी विजेवर चालणारा काटा आला आहे, आणि एखाद्या पाटीशेजारी मोबाइलवरून पैसे घेण्यासाठी चौकोनी चित्रही चिकटवलेले दिसते. परंतु दोन गोष्टी अद्याप टिकून आहेत. पहिली विक्री झाली, की विकणारा ते पैसे कपाळाला लावतो. त्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. आणि माप पुरे झाल्यावर विकणारी बाई आपल्या हाताने मूठभर माल वर टाकते. त्या वरच्या मुठीला कोसर असे नाव आहे. माप हा हिशेब झाला. कोसर हा स्नेह झाला.

ह्या सगळ्या मालाच्या गर्दीत आश्विन-कार्तिकात एक फळ असे येते, की ज्याच्यासाठी बालाघाट दूरवर ओळखला जातो. ते म्हणजे सीताफळ.

वनस्पतिशास्त्रज्ञ सीताफळाच्या झाडाचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात मानतात. पण आपल्या लोकांनी त्याला सीतेचे नाव दिले, त्याच्या भावंडाला रामफळ म्हटले, आणि ते झाड इतके आपलेसे केले, की ते परमुलखातून आले असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. बालाघाटाच्या उतारांवर, गायरानांत, शेतांच्या बांधांवर ही झाडे आपोआप उगवतात. त्यांना कोणी पाणी घालीत नाही की खत देत नाही. उन्हाळ्यात ती आपली पाने टाकून काटक्यांसारखी उभी राहतात. पाण्याची उधळपट्टी करावयाची नाही, असा जणू त्यांचा निश्चयच असतो! पुढे नवी पालवी येते, तिच्याबरोबर हिरवट पाकळ्यांची फुले येतात, आणि फूल लागल्यापासून साधारण चार महिन्यांत फळ तयार होते.

ह्या उघड्या माळावर शेरडे-मेंढरे चरत असतात. त्यांच्या तोंडून हे झाड वाचते कसे? त्याच्या पानांना उग्र वास आणि कडू चव असते. बाभळीचा पाला आवडीने ओरबाडणारी शेळी सीताफळीच्या पानाला सहसा तोंड लावीत नाही. बियांतही विषारी द्रव्ये असतात. पाने आणि बिया कडू, आणि मधला गर मात्र साखरेसारखा, अशी ह्या झाडाची रचना आहे. कडूपणाने ते स्वतःचे रक्षण करते आणि गोडीने पाखरांना व माणसांना बोलावते. कारण गर खाऊन बिया इकडे तिकडे टाकणारे कोणीतरी त्याला हवेच असते.

आता एक सीताफळ हाती घेऊन नीट पाहा. त्याच्या अंगावर जे उंचवटे दिसतात, त्यांना डोळे म्हणतात. आंबा किंवा बोर हे एका फुलातील एकाच अंडाशयापासून बनलेले फळ असते. सीताफळाचे तसे नाही. त्याच्या एका फुलात पुष्कळ बारीक स्त्रीकेसर दाटीने बसलेले असतात. त्यांतील प्रत्येकाची एक पाकळी होते, आणि त्या सगळ्या पाकळ्या एकमेकींना बिलगून एक फळ तयार होते. म्हणजे आपण ज्याला एक सीताफळ म्हणतो, तो पुष्कळ लहान लहान फळांचा मेळावाच असतो. ह्या फुलातील स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पराग मागाहून सुटतात. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेण्याचे काम कोणाला तरी करावे लागते. ते काम बारीक भुंगेरे करतात. ज्या स्त्रीकेसरांना पराग मिळत नाही, त्यांची बाजू वाढत नाही आणि फळ वाकडे होते. तुमच्या हाती कधी एका बाजूने चेपलेले सीताफळ आले, तर ह्याची आठवण ठेवा.

कोवळ्या फळाचे डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. फळ भरू लागले, की डोळे फुगतात, दोन डोळ्यांमधली फट रुंदावते आणि तेथे पिवळसर पांढरी रेघ दिसू लागते. ह्याला डोळे उघडणे असे म्हणतात. फळ उतरवण्याची हीच वेळ. ती चुकून अलीकडे आली, तर फळ पिकत नाही, नुसते सुकून काळे पडते. ती पलीकडे गेली, तर फळ झाडावरच पिकते आणि पाखरे, खारी व मुंग्या त्याचा फडशा पाडतात. म्हणून तोडणारीची नजर पारखी असावी लागते. डोंगरातून सीताफळे तोडून आणणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी असते. त्या पहाटे उतारावर चढतात, फळ हाताळून नव्हे तर नुसते पाहून ओळखतात, आणि पाटीत खाली पाला घालून फळे हलकेच रचतात. काटेकुटे, निसरडे दगड आणि डोक्यावर भरली पाटी, अशी ती वाट असते.

वेळेवर उतरवलेले फळ दोन ते चार दिवसांत पिकते. पिकल्यावर ते इतके मऊ होते, की बोटाचा दाब सोसत नाही. त्याला थंड पेटीत ठेवावे, तर फार थंडीने त्याची साल काळी पडते. आंबा काही दिवस थांबतो, मोसंबे त्याहून अधिक थांबते, कांदा तर चाळीत महिनेच्या महिने राहतो. सीताफळ मात्र थांबत नाही. शरदातील बाजारात त्याच्याइतका उतावळा माल दुसरा क्वचितच असेल.

ह्या उतावळेपणाचा परिणाम बाजारावर काय होतो, हे आपण एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका बाईने शंभर सीताफळे आणली आहेत. त्यांतील वीस आज खाण्यासारखी आहेत, पन्नास उद्या-परवा पिकतील आणि तीस अजून कडक आहेत. सकाळीच एक व्यापारी येतो आणि सगळी पाटी एका रकमेत मागतो. त्याचा भाव कमी असतो. बाईपुढे दोन वाटा असतात. पाटी देऊन टाकावी, तर कमी पण रोख पैसे मिळतात आणि ती दुपारपर्यंत घरी पोचते. देऊ नये, तर एकेक गिऱ्हाईक करीत दिवसभर उन्हात बसावे लागते. तसे बसल्यास भाव चढा मिळेल. पण संध्याकाळपर्यंत ती वीस फळे मऊ पडू लागतील. बाजार उठताना त्यांना कोण विचारणार? अशा वेळी सकाळी ज्या फळाचे दहा रुपये सांगितले, ते पाच रुपयांनाही द्यावे लागते.

ह्यात व्यापाऱ्याला सरसकट दोष देणे बरोबर होणार नाही. तो माल मोठ्या शहरात नेतो, गाडीचे भाडे भरतो, आणि वाटेत जी फळे फुटतील त्यांचे नुकसान सोसतो. परंतु त्याच्याजवळ गाडी असते, शहरातील भाव त्याला ठाऊक असतो आणि आज माल मिळाला नाही तर तो उद्या दुसऱ्या बाजारात जाऊ शकतो. त्या बाईजवळ ह्यांपैकी काहीच नसते. तिचे फळ थांबत नाही, आणि पुष्कळदा तिची गरजही थांबत नाही. दोघांच्या सौद्यात जो थांबू शकतो, त्याचा हात वर राहतो. बाजारातील ही गोष्ट लहानपणीच समजून घेणे चांगले.

तिची गरज का थांबत नाही, हेही पाहिले पाहिजे. सीताफळांचा हंगाम आणि दिवाळी एकाच सुमारास येतात. मुलांचे कपडे, पणत्या, तेल, गूळ, डाळ असा खर्च दारात उभा असतो. आणि त्याच सुमारास बालाघाटातील हजारो कुटुंबांना गाव सोडावे लागते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. नवरा-बायकोची जोडी मिळून ऊस तोडते. त्या जोडीला ‘एक कोयता’ असेच म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, पुढे अनेक महिने ऊस तोडून फेडावी लागते. कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून हे लोक जातात आणि चैत्र-वैशाखाकडे परत येतात.

अशा कुटुंबाला डोंगरातील सीताफळांचे पैसे म्हणजे काय वाटत असेल? ही कमाई कर्जाची नसते. ती उचल नव्हे. ती आपल्याच डोंगराने दिलेली आणि आपल्याच हातांनी मिळवलेली असते. तिच्यातून कोणी मुलीसाठी वह्या घेते, कोणी सासूबाईंच्या औषधांची सोय करून ठेवते, कोणी प्रवासाच्या शिदोरीसाठी बाजरी आणि तीळ घेते. बाजार उठताना मुलांसाठी गुडीशेवेचा पुडाही बांधून घेतला जातो. गुळाच्या पाकात घोळलेली ही शेव मराठवाड्यातील बाजारांची खूणच आहे. पाटीभर फळांचे मोल असे घराघरांत पोचते.

तुमच्यापैकी काहींच्या वर्गात दिवाळीनंतर एखादा बाक रिकामा राहत असेल. त्या बाकावरचा सोबती आईवडिलांबरोबर उसाच्या फडात गेलेला असतो. त्याचे शिक्षण तुटू नये, म्हणून अशा मुलांना गावातच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे चालविण्यात येतात. काही ठिकाणी आजी-आजोबा नातवंडांना सांभाळतात. तरीही पुष्कळ मुलांना जावेच लागते. गावातच चार पैसे अधिक मिळू लागले, तर तो बाक भरलेला राहण्याची शक्यता वाढेल. बाजारभाव हा केवळ मोठ्या माणसांच्या बोलण्याचा विषय नाही, तो असा.

ह्या फळाला थांबावयास शिकवावे, म्हणजेच त्याचा टिकाऊपणा वाढवावा, असे प्रयत्न चालले आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र बीड जिल्ह्यातच अंबाजोगाई येथे आहे. तेथे ‘धारूर-6’ ह्या वाणाची निवड करण्यात आली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील शेतकरी नवनाथ कसपटे ह्यांनी आपल्या बागेतून निवड करून ‘एनएमके-1 गोल्डन’ नावाचा वाण तयार केला. त्याची फळे मोठी, कमी बियांची आणि अधिक दिवस टिकणारी असतात. बियांपासून वेगळा केलेला गर गोठवून ठेवण्याची पद्धतही आली आहे. तसे केल्यास हंगाम सरल्यावरही त्या गराचे पैसे होतात.

2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. ह्याचा अर्थ असा, की ह्या मुलखाच्या माती-हवेमुळे ह्या फळाला जी ओळख मिळाली, ती कायद्याने मान्य झाली. दुसरीकडचे फळ बीडचे म्हणून विकता येत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला ह्यांच्या विक्रीवरील बाजार समितीचे बंधन सैल केले, आणि शेतकऱ्याने आपला माल गिऱ्हाइकाला थेट विकावा, म्हणून शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरविण्यास चालना दिली. त्या उपक्रमाला संत सावता माळी ह्यांचे नाव देण्यात आले. मळ्यातील भाजीत विठ्ठल पाहणाऱ्या संताचे नाव भाजीच्या बाजाराला द्यावे, हे किती समर्पक! अर्थात वाण, मानांकन आणि उपक्रम ह्यांमुळे डोंगरातील प्रत्येक पाटीवालीचे दिवस पालटले, असे नव्हे. बागेतील मोठ्या फळांना चांगला भाव मिळतो. बांधावरच्या आणि गायरानातल्या लहान फळांचा सौदा अजून त्या मैदानातच होतो.

आणि ती लहान फळेही कमी गोड नसतात! पिकलेले सीताफळ दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी हलकेच दाबले, की ते आपोआप उकलते. आतल्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्या एकेक करून तोंडात घ्याव्या, गर जिभेवर विरघळू द्यावा आणि काळीभोर, गुळगुळीत बी बाजूला ठेवावी. घाई करणाऱ्याला हे फळ खाता येत नाही. प्रत्येक पाकळीगणिक एक बी असते आणि ती थांबावयास लावते. बी चावू नये, कुटू नये, आणि तिची पूड डोळ्यांत जाऊ देऊ नये. डोळ्यांना मोठी इजा होते. गर तापवला, तर त्याला कडवटपणा येतो. म्हणून सीताफळाची बासुंदी करावयाची असेल, तर दूध आटवून पुरते गार होऊ देतात आणि मगच त्यात गर मिसळतात. कोजागरीच्या चांदण्यात, अंगणात सर्वजण बसले असता, गार दुधातील सीताफळाची ती चव घ्यावी!

कार्तिकी पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारेला संत मन्मथस्वामींची यात्रा भरते. दूरदूरचे भाविक त्या वाटेने येतात. तोवर सीताफळांचा बहर ओसरू लागलेला असतो. मग बाजारात आवळे दिसू लागतात, मागाहून बोरे येतात, पुढे चिंचा येतात. निसर्गाचे दुकान कधी बंद होत नाही. तो फक्त माल बदलतो. ऋतूचे फळ ऋतूत खावे, असे आपली वडीलधारी माणसे म्हणतात. त्यात आरोग्य तर आहेच, पण आणखीही एक लाभ आहे. ज्या दिवसांत जे पिकते, ते त्या दिवसांत विकत घेतले, की पिकवणाऱ्याच्या हाती गरजेच्या वेळी पैसा पडतो.

मुलांनो, आता तुम्ही आईबरोबर किंवा आजोबांबरोबर बाजाराला जाल, तेव्हा काही साध्या गोष्टी पाळा. पाटीतील प्रत्येक फळ बोटाने दाबून पाहू नका. दाबलेले फळ दुसरा कोणी घेत नाही आणि त्याचे नुकसान त्या बाईला सोसावे लागते. डोळ्यांनी पाहा, भाव विचारा, आणि आज खायची व परवा खायची अशी फळे तिलाच निवडून द्यावयास सांगा. तिच्याइतकी पारख तुम्हांला नाही. घासाघीस हा बाजाराचा रिवाज आहे, ती करावी. परंतु बाजार उठण्याच्या वेळी, समोरच्याला थांबणे शक्य नाही हे ओळखून ताणून धरू नये. आणि तिने वर एखादे फळ कोसर म्हणून टाकले, तर ते हसून घ्यावे.

संध्याकाळी पाले उतरतात, गोणपाटे झटकली जातात आणि मैदान पुन्हा मोकळे होते. वाड्यांच्या वाटेने रिकाम्या पाट्या परत जाऊ लागतात. ज्या दिवशी पाटी रिकामी जाते आणि कनवटीला पैसे असतात, त्या दिवशी चढणीची वाट फारशी लांब वाटत नाही.

स्वाध्याय

1. बीड जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग कोणते? बालाघाटावर पाऊस कमी का पडतो?

2. शरद ऋतूत आठवडे बाजारात कोणकोणता माल येतो? तुमच्या गावच्या बाजारातील मालाशी त्याची तुलना करा.

3. सीताफळाचे झाड शेळ्या-मेंढ्यांपासून कसे वाचते?

4. ‘डोळे उघडणे’ म्हणजे काय? फळ त्याच्या आधी किंवा फार नंतर उतरवले, तर काय होते?

5. ‘दोघांच्या सौद्यात जो थांबू शकतो, त्याचा हात वर राहतो.’ ह्या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

6. पुढील शब्द वाक्यांत योजा : माळवे, कोसर, भवानी, उचल, उतावळा.

7. तुमच्या घरच्या वडील माणसांना विचारून चिपटे, मापटे, शेर, पायली ह्या मापांची माहिती मिळवा. घरात एखादे जुने माप असल्यास त्याचे चित्र काढा.

8. तुमच्या गावच्या बाजारात विक्रीला बसणाऱ्या एका व्यक्तीशी बोला. ती किती वाजता घरून निघते, माल कोठून आणते, आणि उरलेल्या मालाचे काय करते, हे विचारून दहा-बारा ओळी लिहा.